‘मोबाइल असताना कॅमेरा कशाला?’ : त्या मेसेजमधल्या पाचही मुद्द्यांना उत्तर

‘कॅमेरा घ्यायला निघालात? थांबा, आधी हे वाचा!’ अशी सुरुवात असलेला मेसेज एव्हाना तुमच्याही एखाद्या गटात येऊन गेला असेल. त्यात पाच मुद्दे आहेत. एक, मोबाइलमध्ये २०० मेगापिक्सेल आले, त्यामुळे २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा कालबाह्य झाला. दोन, मोबाइलला शंभर पट झूम आहे, लांब लेन्सची गरज संपली. तीन, अंधाराचं काम आता एआय करतं. चार, डीएसएलआर (आरशातून दृश्य दाखवणारा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) मेला, फुकट मिळाला तरी घेऊ नका. आणि पाच, एवढं सांगूनही घ्यायचाच असेल, तर थेट फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घ्या, तो एकच कॅमेरा आयुष्यभर सगळ्याला पुरतो.

हा मेसेज वाचून लोक खरोखर खरेदी करतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय. पक्ष्यांची आवड असलेल्या मुलीला घरचे हप्त्यावर महागडा मोबाइल घेऊन देतात आणि वर्षभरात ती फोटो काढणं सोडून देते, कारण झाडावरचा पक्षी फोटोत कायम ठिपकाच राहतो. मुलीची आवड खरी होती, पण तिच्या हाती साधन चुकीचं आलं. हे टाळता येतं.

‘२०० मेगापिक्सेल म्हणजे २४ पेक्षा आठपट चांगला’

मेगापिक्सेल म्हणजे फोटो किती ठिपक्यांचा बनलाय, त्याची संख्या. त्या ठिपक्यांना प्रकाश किती मिळाला, हे त्या आकड्यातून कळत नाही. ते ठरतं लेन्सच्या छिद्रावर आणि सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, क्षेत्रफळावर.

२०२३ च्या सॅमसंग एस२३ अल्ट्राचंच उदाहरण घ्या. त्यातला २०० मेगापिक्सेलचा सेन्सर साधारण ९.८ बाय ७.३ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा आहे. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने जवळपास बारापट. नवशिके घेतात त्या एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान) प्रकारच्या कॅमेऱ्याचा सेन्सरही त्या मोबाइलच्या पाचपट भरतो. त्या नखाएवढ्या जागेत वीस कोटी ठिपके बसवायचे, तर एकेक ठिपका ०.६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) करावा लागतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेममध्ये तोच ठिपका सुमारे ६ मायक्रॉन रुंद असतो.

मेसेज लिहिणाऱ्याने एक गोष्ट सांगितलीच नाही. तो मोबाइल स्वतःच नेहमीच्या फोटोसाठी सोळा ठिपक्यांचा मिळून एक ठिपका करतो आणि तुमच्या हातात १२ मेगापिक्सेलचा फोटो देतो. पूर्ण २०० मेगापिक्सेलचा पर्याय वेगळा निवडावा लागतो, आणि लख्ख उन्हात स्थिर दृश्य असेल तर तो खरंच छान बारकावे देतो. पण घरातल्या ट्यूबलाइटखाली त्या आकड्याचा काही उपयोग नाही.

शिवाय एवढे ठिपके हवेत कशाला? १२ बाय १८ इंचांचा फोटो ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला साडेएकोणीस मेगापिक्सेल पुरतात. लग्नाच्या करिझ्मा अल्बमचं १२ बाय ३६ चं जोडपान असतं, त्यातही बहुतेक वेळा चार-पाच फोटो मिळून मांडणी केलेली असते. आणि ज्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे जातात, त्यांचे तर पाठवतानाच आक्रसून जातात.

‘शंभर पट झूम असताना लेन्स कशाला?’

मोबाइलमध्ये काचेने होणारं झूम तीनपट, पाचपट, फार तर दहापट असतं. पुढचं सगळं म्हणजे फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करणं आणि हरवलेला तपशील सॉफ्टवेअरने अंदाजाने भरणं.

हा अंदाज कुठवर जातो, ते मार्च २०२३ मध्ये जगाने पाहिलं. रेडिट या संकेतस्थळावरच्या एकाने चंद्राचा फोटो १७० बाय १७० ठिपक्यांइतका लहान केला, मुद्दाम धूसर केला, संगणकाच्या पडद्यावर लावला, खोलीतले दिवे घालवले आणि लांबून सॅमसंगच्या मोबाइलने त्याचा फोटो काढला. पडद्यावर नसलेली विवरं फोटोत उमटली. समोर चंद्र आहे हे ओळखून फोन त्यात तपशील सुधारतो, असं स्पष्टीकरण कंपनीने दिलं.

चंद्राच्या बाबतीत हे एक वेळ चालेल, कारण त्याचा चेहरा सगळ्यांना ठाऊक आहे. पक्ष्यांच्या बाबतीत अजिबात चालणार नाही. हिवाळ्यात आपल्याकडे येणारे छोटे वटवटे ओळखायचे, तर पंखावरची फिकट पट्टी आहे की नाही, भुवईची रेघ किती लांब आहे, यावर सगळं अवलंबून असतं. झूम करून काढलेल्या मोबाइलच्या फोटोत ती पिसं जलरंगासारखी एकमेकांत मिसळलेली दिसतात, आणि पट्टी दिसलीच तरी ती पक्ष्याची की सॉफ्टवेअरची, हे सांगता येत नाही. नोंद म्हणून असा फोटो कुचकामी आहे.

लांबचं टिपायचंय पण लेन्स बदलण्याची कटकट नको, अशांसाठी ब्रिज कॅमेरा नावाचा प्रकार आहे, आणि तो या मेसेजच्या गावीही नाही. निकॉनचा पी९०० (२०१५) २००० मिलिमीटरपर्यंत जातो, पी१००० (२०१८) थेट ३००० पर्यंत, आणि हे सगळं काचेचं झूम. (मिलिमीटरचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं; हे आकडे फुल फ्रेमच्या मापातले.) भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित (फ्लेमिंगो) उतरलेत, सकाळचे नऊ वाजून गेलेत, ऊन स्वच्छ आहे, तर असा कॅमेरा नावेतून थव्याजवळ न जाताच काम करतो. (थव्याजवळ जाऊच नये. पक्षी उडवून काढलेल्या फोटोचं मला कधीच कौतुक वाटलेलं नाही.) त्याची मर्यादाही ऐकून ठेवा. सेन्सर मोबाइलइतकाच किंवा त्याहूनही लहान, आणि पूर्ण झूमला पी१००० चं छिद्र एफ/८ वर येतं (एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान). म्हणजे पहाटे आणि दाट जंगलात तो हात टेकतो. तिथे सोनी आरएक्स१० मार्क ४ सारखा एक इंची सेन्सरचा, ६०० मिलिमीटर आणि एफ/४ चा कॅमेरा बरा. झूम कमी, पण प्रकाश जास्त.

आणि ताडोब्याला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की तिथे सफारीत मोबाइल नेण्यावर २०१८ मध्ये बंदी आली. वाघ समोर रस्त्यावर बसला असेल तेव्हा ‘मोबाइल पुरतो’ हा सल्ला गेटवर जमा केलेला असतो.

‘अंधाराचं काम एआय करतं’

हा मुद्दा निम्मा खरा आहे. नाइट मोडमध्ये फोन एकापाठोपाठ अनेक फोटो घेतो आणि जुळवून त्यांचा एक करतो. समोरचं स्थिर असेल तर निकाल अप्रतिम येतो. देवळाची पेटलेली दीपमाळ, रात्रीचा किल्ला, ताऱ्यांनी भरलेलं आकाश. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, देशातला तो पहिला. तिथे ट्रायपॉडवर ठेवलेल्या चांगल्या मोबाइलनेही आकाशगंगा टिपता येते. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण लग्नाच्या हॉलमध्ये या. मंगलाष्टकं संपतात, ‘शुभमंगल सावधान’ होतं, अंतरपाट खाली येतो आणि शे-दोनशे हातांतून अक्षता सुटतात. हे सगळं दोनेक सेकंदांत होतं आणि पुन्हा होत नाही. इथे अनेक फोटो जुळवून एक करणं म्हणजे अक्षतांच्या रेघा आणि वधूच्या हाताला दुहेरी कड. इथे हवा एकच फोटो, सेकंदाच्या अडीचशेव्या भागात घेतलेला, एफ/२.८ वर, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० किंवा त्याही वर चढवून, आणि तरीही शालूचा रंग आणि मुलीच्या गालावरची हळद वेगवेगळी दिसेल असा. हे काम फुल फ्रेमचं. शिवाय दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवण्याची सोय असणारा, कारण कार्ड बिघडलं म्हणून कुणी लग्न पुन्हा लावत नाही. लग्नाची कामं घेणार असाल तर त्या सोयीवर तडजोड करू नका.

‘डीएसएलआर मेला’

नव्या मॉडेलांपुरतं हे बरोबर आहे. कॅननने १डी एक्स मार्क ३ नंतर त्या श्रेणीचा नवा डीएसएलआर काढणार नसल्याचं सांगितलं, आणि निकॉनचंही सगळं लक्ष आता आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे. डोळ्यावर आपोआप फोकस धरणं, शटर दाबण्याआधीच उजेड-अंधार दिसणं, या मिररलेसच्या सोयी मोठ्या आहेत. पैसे असतील आणि नवाच घ्यायचा असेल, तर मिररलेसच घ्या.

पण कारखान्यात बनायचा थांबला म्हणजे तो फोटो काढायचा थांबला, असं होत नाही. निकॉनचा डीएसएलआर डी७५०० (२०१७) आणि मिररलेस झेड५० (२०१९) या दोघांतही २०.९ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर आहे. एका चार्जिंगमध्ये प्रमाणित चाचणीनुसार पहिला ९५० फोटो काढतो, दुसरा सुमारे ३२०. वीज नसलेल्या वाडीवर दोन दिवस राहणाऱ्याला हा फरक विचारा. आणि कॅननची ईएफ लेन्स १९८७ पासून, निकॉनची एफ माउंट (लेन्स बसवायची जोडणी) १९५९ पासून बाजारात आहे. वापरलेल्या चांगल्या लेन्सचा एवढा साठा दुसऱ्या कशालाच नाही. कॉलेजच्या मुलाला कमी पैशांत शिकायचं असेल, तर जुना डीएसएलआर हा आजही मी दिलेला पहिला सल्ला असतो.

‘फुल फ्रेम घ्या, सगळ्याला पुरतो’

पाचांतला हा सगळ्यांत महागात पडणारा मुद्दा, आणि वरवर सगळ्यांत शहाणपणाचा वाटणारा.

भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्याकडे स्पीड ग्राफिक कॅमेरा होता आणि रोलीफ्लेक्सही होता. एक अवजड, दुसरा गळ्यात अडकवून कमरेच्या उंचीवरून बघायचा. एकाच कॅमेऱ्यात सगळं भागत नाही, हे त्या काळीही कामाची माणसं जाणून होती.

पुन्हा पक्ष्यांकडे येऊ. तुमच्याकडे ४०० मिलिमीटरची लेन्स आहे. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर लावली आणि पक्षी लहान आला म्हणून एपीएस-सीच्या चौकटीइतका कापला, तर हाती उरतात साडेदहा मेगापिक्सेलच्या आसपास. तीच लेन्स २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सीवर लावली तर त्याच चौकटीत पूर्ण २४ मिळतात, आणि लेन्स ६०० मिलिमीटरसारखी वागते. भरपूर उजेडात आणि लांबच्या पक्ष्यासाठी इथे स्वस्त कॅमेरा सरस ठरतो. वजनाचंही बघा. निकॉनची डीएसएलआरसाठीची ६०० एफ/४ लेन्स ३.८ किलोची आहे. मायक्रो फोर थर्ड्स (एपीएस-सीहूनही लहान सेन्सरच्या) प्रकारातली ऑलिम्पसची ३०० एफ/४ तेवढाच टप्पा दीड किलोच्या आत देते. अंधारात आणि मागची पार्श्वभूमी विरघळवण्यात मोठी लेन्स जिंकते, यात शंका नाही. पण भीमाशंकरच्या जंगलात दिवसभर पायी फिरायचंय की जिप्सीत बसायचंय, हे आधी ठरवा.

कासच्या पठारावर तर गणित उलटं होतं. सीतेची आसवं किंवा दवबिंदू या वनस्पतींचं इवलं फूल फुल फ्रेम आणि १०० मिलिमीटर मॅक्रो (अगदी जवळून टिपणाऱ्या) लेन्सने मूळ आकारात टिपलं, तर एफ/८ वरही जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. वारा आला की तोही गेला. ऑलिम्पसचा टीजी-६ किंवा त्यानंतर ओएम सिस्टिम या नावाने आलेला टीजी-७ हा खिशातला कॅमेरा लेन्सपासून एक सेंटिमीटरवरचं टिपतो, आणि छोट्या सेन्सरमुळे बरंच फूल स्पष्ट येतं. हात लांब करून फोटो निघतो, त्यामुळे फुलांवर आडवं पडावं लागत नाही. कासला हा मुद्दा माझ्या लेखी चित्राच्या दर्जाहून मोठा आहे.

तोच कॅमेरा पाण्याखाली १५ मीटरपर्यंत चालतो. तारकर्लीला स्कूबा करणाऱ्यांनी फुल फ्रेमसाठी जलरोधक खोकं विकत घ्यायला निघावं, मग कळेल की खोक्याची किंमतच कॅमेऱ्याच्या तोडीची आहे. मोबाइलचं आयपी६८ हे गोड्या पाण्यासाठीचं मानांकन आहे. समुद्रात तो नेऊ नका, पाण्याखाली टचस्क्रीनही नीट चालत नाही.

वारीत मात्र मी मोबाइलचीच बाजू घेईन. दिवेघाटात पाऊस, गर्दी, दिवसभराची चाल, आणि समोरचा वारकरी मोठी लेन्स बघून अवघडतो. मोबाइल नको असेल तर रिको जीआर ३ आहे, अडीचशे ग्रॅमच्या जरासा वर, सेन्सर एपीएस-सी, पण त्याला पावसापासून जपावं लागतं. रिंगणात अश्व धावतो तेव्हा मात्र दोनशे मिलिमीटरची लेन्स आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाचं शटर हवंच.

शेवटी पैशांचं. फुल फ्रेमच्या बॉडीत सगळं बजेट घालवून ‘लेन्स नंतर बघू’ म्हणणारे खूप भेटतात. एपीएस-सी बॉडीबरोबर येणारी १८-५५ लेन्स पूर्ण झूमला एफ/५.६ वर असते. त्याच बॉडीला ५० मिलिमीटर एफ/१.८ लावलीत तर सुमारे दहापट प्रकाश आत येतो, आणि ती सगळ्यांत स्वस्त लेन्समधली एक आहे. वापरलेली घेत असाल तर दुकानातच मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागच्या बाजूने आत मारा आणि समोरून तिरकं बघा. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बंद बॅगेत राहिलेल्या लेन्समध्ये ती हमखास सापडते. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी परत द्या. चांगली मिळाली तर घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि जून ते सप्टेंबर जेलचे खडे रंग बदलतायत का ते बघून वेळच्या वेळी तापवून घ्या.