सोफ्याचा वास, सोडा-व्हिनेगर आणि आपलं नागपुरी ऊन

आमच्या फ्लॅट स्कीमच्या ग्रुपवर तो मेसेज या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा आला. सोफ्याला कसलाही वास येत असो, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर चमच्याला चमचा मिसळा, सोबत थोडं ब्लीच, पाण्यात घालून फवारा, वर संत्र्याच्या साली पसरा आणि सोफा तासभर गच्चीवर उन्हात ठेवा. जंतू, वास, सगळं साफ! शेजारच्या काकूंनी ब्लीच वगळून तो प्रयोग केलाही. "काही नाही होत बाप्पा, घरचंच तर सामान आहे."

पहिली गडबड "कसलाही वास" या शब्दांतच आहे. घामाचा, नासलेल्या दुधाचा वास आम्लाचा. त्यावर सोडा चालतो. मासळीचा किंवा मुरलेल्या लघवीचा वास त्याच्या उलट, अल्कधर्मी. तिथे व्हिनेगर उपयोगी. दोन्ही एकत्र केले की फेस येतो आणि आपल्याला वाटतं, काम सुरू झालं. तो फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड. चमच्याला चमचा घेतलं तर व्हिनेगर तिथेच संपतं, बराचसा सोडा तसाच उरतो आणि पाण्याबरोबर फोममध्ये उतरतो. त्यापेक्षा कोरडा सोडा रात्रभर भुरभुरून सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्या. व्हिनेगर वेगळ्या दिवशी, निम्मं पाणी घालून, फक्त त्या जागेपुरतं पुसा. तेही आधी कोपऱ्यात रंग जातो का बघून.

एक अपवाद. सावजीचा रस्सा सांडला असेल तर सोडा नकोच. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो हे घरोघरी ठाऊक आहे. सोड्यानेही तेच होतं. आधी कापडाने टिपा, मग मैदा किंवा कॉर्नफ्लोअर टाकून तेल शोषू द्या.

ब्लीचबद्दल मात्र गंमत नाही. व्हिनेगरमध्ये ब्लीच पडलं की क्लोरीन वायू सुटतो. जुन्या लघवीवर पडलं तर क्लोरामाइन, तोही विषारीच. एसीसाठी बंद केलेल्या खोलीत "थोडंसं" सुद्धा छातीला पुरतं.

उन्हाचा मुद्दा अर्धा खरा. मेच्या कोरड्या हवेत ओल जाते, आणि कुबट वासाचं मूळ ओलच असते. पण ऊन लागतं कापडाला, फोमच्या पोटाला नाही. 45 अंशांत बुरशीचे बीजाणूही सगळे मरत नाहीत. रंग मात्र उडतो, रेक्झिन तडकतं. गाद्या खोळीतून काढून, उभ्या करून, सावलीत पंख्याखाली वाळवा. (तिसऱ्या मजल्यावरून सोफा गच्चीवर कोण नेणार, हेही मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.)

संत्र्याच्या सालींचा आपल्याला अभिमान आहे, ठीक. त्यांच्या तेलाचा वास वर बसतो, खालचा जात नाही. ओल्या साली दोन दिवसांत स्वतःच बुरसटतात.

आणि 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांना हा मेसेज पाठवणं म्हणजे थट्टाच. गटाराचं पाणी प्यायलेला फोम फेकायचाच असतो. सांगाडा चांगला असेल तर सोफा रिपेअरवाल्याकडून नवा फोम भरून घ्यावा.

काकूंच्या सोफ्याचा वास शेवटी सापडला तो कूलरमध्ये. खिडकीतल्या कूलरचं तोंड थेट सोफ्यावर, टाकीतलं पाणी कित्येक दिवसांचं, ताट्या (पाणी झिरपतं ते बाजूचे पॅड) गेल्या वर्षीच्या. जूनच्या दमट हवेत ती ओल रोज गादीत मुरत होती. टाकी घासली, ताट्या बदलल्या, सोफा भिंतीपासून हातभर पुढे ओढला. आठवड्याभरात वास गेला. रश्श्याच्या डागावर मारलेल्या त्या फवाऱ्याचा तांबूस पट्टा मात्र राहिला. काकू त्यावर उशी ठेवतात, आणि पाहुणा आला की त्याला दुसरीकडे बसवतात.