केबल घेण्याआधी लॅपटॉपचा पोर्ट पाहावा

‘बाह्य मॉनिटरसाठी सरळ सर्वांत महाग टाइप-सी केबल घ्यावी’ हा एका लेखातला सल्ला मला अर्धाच पटला. लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमध्ये चित्र बाहेर देण्याची सोयच नसेल, तर महागडी केबलही निरुपयोगी ठरते. म्हणून आधी पोर्टशेजारी विजेच्या बाणाचे (थंडरबोल्ट या वेगवान जोडणीचे) किंवा डिस्प्लेपोर्टचे (मॉनिटरला चित्र पाठवण्याच्या पद्धतीचे) चिन्ह शोधावे आणि ते नसेल (पुष्कळ कंपन्या छापतच नाहीत) तर त्या मॉडेलचे माहितीपत्रक वाचावे.

नाशिकला महात्मा गांधी रोडवर नुसती ‘टाइप-सी केबल’ मागितली, तर बहुधा फास्ट चार्जिंगची हातात पडते. ती १०० वॅट पेलत असली, तरी आतून अनेकदा यूएसबी २.० चीच, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिटची असते आणि तिच्यातून डिस्प्लेपोर्टचे चित्र जात नाही. चित्रही वाहून नेणाऱ्या थंडरबोल्ट ४ च्या टाइप-सी केबलच्या टोकावर विजेच्या खुणेजवळ ४ हा आकडा असतो. ती २ मीटर लांबीलाही सेकंदाला ४० गिगाबिटचा वेग देते. थंडरबोल्ट ३ च्या साध्या केबलला तो वेग जेमतेम ०.८ मीटरपर्यंतच राखता येतो.

एकाच ४के, ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या) मॉनिटरला मात्र एवढ्याची गरजच नाही. तिथे १८ गिगाबिटची प्रीमियम हाय स्पीड एचडीएमआय केबल पुरते, अर्थात लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट २.० चा असेल तर; १.४ चा असल्यास केबल कितीही भारी लावा, ४केला ३० हर्ट्झवरच थांबावे लागते आणि माउसचा बाण अडखळत सरकतो.