‘दर दहांत एक’ : आडनाव, पितृत्व आणि डीएनएविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक मजकूर वारंवार फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : दर दहा मुलांपैकी एकाचा, काही आवृत्त्यांत तर तिघांचा, जन्मदाता कागदावरच्या बापाहून वेगळा असतो; एका आडनावाची माणसे एकाच मूळ पुरुषाची असतात; म्हणून त्यांचा डीएनए जुळला नाही तर मागे कुठेतरी एखाद्या स्त्रीचे पाऊल वाकडे पडले असे समजावे; आणि घरबसल्या लाळेची चाचणी केली की खरे कूळ कळते. यांतले एकही विधान तपासल्यावर जसेच्या तसे टिकत नाही.

आधी आकडा पाहू. दहांत तीन हे प्रमाण हवेतून आलेले नाही, पण ते ज्या पुरुषांवरून काढले आहे ते चारचौघांसारखे नव्हते. मानवशास्त्रज्ञ केर्मिट अँडरसन यांनी २००६ मध्ये ६७ पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र ताडून पाहिले, तेव्हा ज्यांना आपल्या पितृत्वाविषयी मुळातच शंका होती त्यांच्यात न जुळणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३० टक्के निघाले. ज्यांना शंका नव्हती त्यांच्यात ते २ टक्क्यांच्या आत होते. म्हणजे संशय घेणाऱ्यांपैकीही सुमारे ७० टक्के चुकले होते, आणि ही बाजू मजकुरात येत नाही. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये वंशावळी व वाय गुणसूत्र (डीएनएचा फक्त बापाकडून मुलग्याकडे जाणारा भाग) ताडून केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे प्रमाण दर पिढीला दीड टक्क्याच्या आसपास आले. एकोणिसाव्या शतकातल्या दाट वस्तीच्या शहरांतील गरीब विणकर आणि मजूर यांच्यात ते ६ टक्क्यांपर्यंत चढले. दहा तिथेही झाले नाहीत.

मात्र दीड टक्का साचत जातो, हे मान्य केले पाहिजे. दहा पिढ्यांच्या एका पितृवंशात निदान एकदा खंड पडलेला असण्याची शक्यता या हिशेबाने सुमारे १४ टक्के होते. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचे अवशेष २०१२ मध्ये लेस्टर येथे सापडले, तेव्हा मातृवंशाचा डीएनए आजच्या वंशजाशी जुळला. पितृवंशाचा मात्र ज्यांचा जुळायला हवा होता त्यांच्याशी जुळला नाही. त्या साखळीत १९ दुवे होते. ‘दहांपैकी एक मूल’ आणि ‘दहा पिढ्यांत एखादा खंड’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मजकूर लिहिणाऱ्याने त्या एक केल्या असाव्यात, असा माझा तर्क आहे.

आडनावाचे विधान तर आपल्याकडे अधिकच कच्चे आहे. ब्रिटनमधील ४० आडनावांच्या २००९ च्या अभ्यासात असे दिसले की दुर्मीळ आडनावाच्या पुरुषांत वाय गुणसूत्र बरेच जुळते, पण स्मिथ आडनावाच्या दोन पुरुषांत ते कोणत्याही दोन परक्या पुरुषांइतकेच जुळते. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगावी होते. कुलकर्णी, पाटील, देशमुख ही तर वतनाची आणि हुद्द्याची नावे. जितकी गावे तितके कुलकर्णी, मग त्यांचा मूळ पुरुष एक कसा असेल? उलट, श्रीवर्धनच्या भटांचे पेशवे झाले. तिथे रक्त तेच राहिले आणि नाव बदलले. गावावरून पडलेल्या ‘कर’ नावांचेही तसेच आहे, कारण एका गावातून निघालेली परस्परांशी नाते नसलेली घराणीही तेच नाव लावतात आणि दोन गावी गेलेल्या सख्ख्या भावांची आडनावे मात्र वेगळी होतात. गोव्यात धर्मांतराच्या वेळी पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे पोर्तुगीज आडनाव मिळाले. सगळ्या फर्नांडिसांचा एक पूर्वज शोधणे व्यर्थ आहे.

आता मुख्य आरोप. डीएनए आणि वंशावळ जुळली नाही की व्यभिचार, हे समीकरण आपल्या समाजातल्या सर्वांत उघड प्रथेकडे, म्हणजे दत्तकाकडे, डोळेझाक करते. राजर्षी शाहू महाराज जन्माने कागलचे घाटगे. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. त्यांचे वाय गुणसूत्र घाटग्यांचे, नाव भोसल्यांचे, आणि त्यात लपवण्यासारखे काहीच नव्हते. सामान्य घरांतही हेच घडत आले. भावाचा मुलगा दत्तक घेतला तर वाय गुणसूत्र बदलत नाही. मुलीचा, बहिणीचा किंवा मेहुण्याचा घेतला तर त्याच पिढीत बदलते. ज्या जातींत पाट लावण्याची, म्हणजे स्त्रीच्या पुनर्विवाहाची, चाल होती तिथे पहिल्या नवऱ्याचे मूल आईबरोबर नव्या घरी येई आणि पुष्कळदा तिथलेच आडनाव लावी. घरजावयाची मुले आजोळचे नाव चालवत. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी घातलेले आडनावही पुढे कायम होई. जुन्या वंशावळींत बहुधा स्त्रियांची नावेच नसतात. विसंगती निघाली की दोष मात्र त्यांच्या माथी येतो.

लाळेच्या चाचणीने कूळ कळते, हा दावा उरला. आईबाप आणि मूल यांचे नाते चाचणी जवळजवळ निर्विवादपणे सांगते, याबद्दल वाद नाही. पण सावत्र भाऊ (आई किंवा बाप एकच असलेला), काका आणि आजोबा या तिघांशीही सरासरी २५ टक्के डीएनए समान असतो, त्यामुळे केवळ टक्केवारीवरून नाते ठरत नाही. वय आणि कागद लागतातच. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मामेबहिणीशी लग्ने झाली आहेत, तिथे दूरचे नातलग प्रत्यक्षापेक्षा जवळचे भासतात. दहा पिढ्यांमागे वंशवृक्षात १,०२४ जागा असतात, आणि वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाच पुरुषाचे सांगते. शिवाय अहवालात येणारे पितृवंशाचे मोठे गट हजारो वर्षे जुने, म्हणजे आपल्या आडनावांहून कितीतरी जुने आहेत आणि ते अनेक जातींत पसरलेले आहेत.

म्हणून विसंगती हाती आली की पहिला प्रश्न पणजीच्या चारित्र्याचा नव्हे, तर दत्तकपत्राचा असावा. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, दक्षिण महाराष्ट्रात हेळव्यांनी, म्हणजे पिढीजात वंशावळी सांगणाऱ्यांनी, जपलेल्या वंशावळी, छापील कुलवृत्तांत, वतनाचे कागद यांत ‘दत्तक’ हा एक शब्द सापडला तर बाकीचा तर्क करण्याची गरज उरत नाही.