मिरची परदेशातली, म्हणून तांबडा रस्सा परका? एका फॉरवर्डला उत्तर

सध्या कोल्हापुरात एक मेसेज जोरात फिरतोय. तालमीच्या ग्रुपवर येतो, सोसायटीच्या ग्रुपवर येतो, पाव्हण्यांच्या ग्रुपवर तर रोज कुणीतरी नव्यानं टाकतं. मजकूर थोडक्यात असा: मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, काजू हे सगळं पोर्तुगीजांनी आणलं, तेव्हा ‘पारंपरिक कोल्हापुरी’ म्हणून जे मिरवलं जातं ते उसनं आहे. तांबडा रस्सा परका, पांढरा रस्सा परका, मिसळ परकी, उपवासाचं ताटसुद्धा परकं. साखर करायला आपल्याला चिन्यांनी शिकवलं. इटली, कोरिया, हंगेरी, थायलंड या देशांनी मात्र आपलं अस्सल खाणं जपलं. आपलं म्हणावं असं काय उरतं, तर ज्वारीची भाकरी, कांदा आणि लसूण. आणि शेवटी नेहमीप्रमाणं, ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला हे पटलेलं नाही. यातली बरीच माहिती खरी आहे, आणि म्हणूनच चांगली वाचणारी माणसंही हा मेसेज पुढं ढकलतायत. पण खऱ्या माहितीवरून काढलेला निष्कर्ष साफ चुकलाय, आणि काही ठिकाणी तर माहितीच उलटी आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मिरची अमेरिका खंडातली, हे खरंच आहे. मेक्सिकोत आणि दक्षिण अमेरिकेत ती हजारो वर्षं पिकत होती. कोलंबस १४९२ साली तिकडं पोचला, वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. त्याच शतकात त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर आली आणि पुढं घाट चढली. त्याआधी आपल्याकडं तिखटपणा यायचा तो मिरी, पिंपळी, आलं आणि मोहरीतून. इथपर्यंत वाद नाही.

पण किनाऱ्यावर उतरलेली मिरची आणि आज आपल्या घरात येणारी मिरची यांच्यामध्ये शेतकऱ्यांच्या कितीतरी पिढ्यांचे कष्ट आहेत. चांगल्या झाडाचं बी राखायचं, पुढच्या साली तेच लावायचं, असं करत करत इथल्या जाती घडल्या. ब्याडगी सुरकुतलेली, रंगाला गडद आणि तिखटाला मवाळ. गडहिंग्लजच्या बाजारात येणारी जवारी संकेश्वरी रंगही देते आणि झणकाही. लवंगी नुसत्या तिखटासाठी. या तिन्हींचं प्रमाण किती ठेवायचं हे प्रत्येक घरात वेगळं असतं, आणि ते सासूकडून सुनेकडं जातं.

उन्हाळ्यात आपल्याकडं वर्षाची चटणी होते. कोल्हापूरकर चटणी म्हणतात तेव्हा त्यांना कांदा-लसूण मसालाच म्हणायचा असतो. मिरची अंगणात नाहीतर गच्चीवर कडक उन्हात टाकायची, हातात धरल्यावर कडकड मोडली पाहिजे. देठ खुडायचे. धने, जिरे, तीळ, खसखस, लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. तीळ तडतडला की उतरायचा, खसखस तर डोळ्यांसमोरच ठेवायची. खोबरं लालसर, कांदा तेलात तळून कुरकुरीत, लसूण भरपूर. मग सगळं डंकावर, म्हणजे मसाला कांडायच्या यंत्रावर. तिथं तोंडाला पदर-रुमाल बांधूनही ठसका चुकत नाही. कांडून आणलेली चटणी मीठ घालून बरणीत दाबून भरली आणि वर हिंगाचे खडे ठेवले की वर्षाची निश्चिंती. यातली कुठली कृती पोर्तुगीजांनी शिकवली? त्यांनी फळ आणलं. चटणी इथल्या बायकांनी केली.

आता त्याच समुद्रमार्गानं उलटं काय गेलं तेही बघा. मेक्सिकोत पुएब्ला नावाचं शहर आहे. तिथला ‘मोले पोब्लानो’ हा त्या देशाचा मानाचा पदार्थ, लग्नाकार्यात, सणावाराला होणारा. वाळक्या मिरच्या चरबीत परततात. तीळ, लवंग, दालचिनी, मिरी, धने भाजून घेतात. कांदा, लसूण, टोमॅटो भाजतात. हे सगळं पूर्वी दगडी पाट्यावर वाटायचे, त्यात कोको घालून दाट रस्सा करायचा आणि तो टर्कीच्या मांसावर ओतायचा. ही यादी आपल्या चटणीच्या यादीशेजारी ठेवून वाचा. निम्म्याहून जास्त नावं तीच आहेत. मिरी मलबारची, दालचिनी श्रीलंकेची, लवंग इंडोनेशियातल्या मालुकू बेटांची, तीळ आपल्या उपखंडातला. फॉरवर्डचा नियम लावला तर मोले मेक्सिकोचा उरत नाही, अर्धा इकडचाच होतो. असा दावा कुणी समंजस माणूस करणार नाही. कारण साहित्य जवळजवळ सारखं असूनही दोन पदार्थ पूर्ण निराळे झालेत. तिकडं कोकोची कडवट-गोडसर चव आणि चमच्याला धरून राहणारी दाट ग्रेव्ही. इकडं वाटी तोंडाला लावून प्यायचा पातळ रस्सा, वर लाल तवंग. हा फरक मालाच्या गोणीतून आलेला नाही, दोन ठिकाणच्या स्वयंपाकघरांत घडलाय.

पांढऱ्या रश्शाबद्दल मेसेज म्हणतो की काजू ब्राझीलचा, म्हणून रस्साही तिकडचा. काजू ब्राझीलचा हे बरोबर. पण काजू हा पांढऱ्या रश्शाचा कणा नाही. कणा आहे मटणाचं अळणी, म्हणजे बिनमसाल्याचं मटण शिजवलेलं पाणी, आणि नारळाचं दूध. त्याला जोड तीळ-खसखशीच्या वाटणाची, वास वेलदोडा-दालचिनीचा, आणि तिखटपणा मिरीचा, फार तर एखाद्या हिरव्या मिरचीचा. काजू कुणी दाटपणासाठी घालतं, कुणी घालतही नाही. काजू वगळला तरी पांढरा रस्सा होतो. अळणी चांगलं उतरलं नाही, किंवा नारळाचं दूध घातल्यावर जाळ मोठा राहिला आणि रस्सा फुटला, तर काजू कितीही घाला, उपयोग नाही. ज्यांनी एकदा तरी तो केलाय त्यांना हे सांगावं लागत नाही.

शिवाय या रश्शात पोर्तुगीजांच्या फार आधीपासूनचं किती काही आहे! हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ सापडलेत. मिरी तर सह्याद्रीच्याच दक्षिण टोकाकडच्या जंगलातली वेल, आणि इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याच्या ममीच्या नाकपुड्यांत मिरीचे दाणे मिळालेत, म्हणजे गोष्ट तीन हजार वर्षांपूर्वीची. खसखस भूमध्य समुद्राकडची खरी, पण तीही पोर्तुगीजांच्या कितीतरी आधी इथं पोचलेली होती. आपल्याच गावात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर रोमन बनावटीच्या वस्तू निघाल्या. समुद्रदेव पोसायडनची काश्याची छोटी मूर्ती त्यातलीच, ती आपल्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचा लांबच्या जगाशी व्यापार होता याची ती खूण आहे. कोल्हापूरचं खाणं दार लावून घेऊन घडलं असं पूर्वीही नव्हतं, त्यामुळं दार उघडल्याचा ठपका आज ठेवण्यात अर्थ नाही.

मिसळीचा मुद्दा लवकर संपतो. बटाटा, टोमॅटो बाहेरचे, बेसनाचा हरभराही मुळात तुर्कस्तानाकडचा. पण मिसळीचा जीव ज्या मोड आलेल्या मटकीत आहे ती याच उपखंडातली आहे, आणि कटाला चव त्याच चटणीची. पाव पोर्तुगीजांचा, हे वाक्य तर कोल्हापूरला लागूच पडत नाही, आपल्याकडं मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड देतात. तोही इथला नाही हे मान्यच आहे.

उपवासाच्या ताटाबद्दल मेसेजमधली माहिती मात्र जवळपास पूर्ण बरोबर आहे. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेतला. त्रावणकोरच्या विशाखम् तिरुनाल महाराजांनी एकोणिसाव्या शतकात त्याच्या लागवडीला जोर दिला, आणि विसाव्या शतकात तमिळनाडूत सेलमच्या परिसरात साबुदाण्याचे कारखाने उभे राहिले. शेंगदाणा, बटाटा, रताळं, राजगिरा, हिरवी मिरची, सगळं अमेरिकेकडचं. वरी, सुरण, शिंगाडा आपल्याकडचे. पण यावरून ‘आपला उपवासही खोटा’ असं मेसेज म्हणतो तेव्हा तो खाण्याचा विषय सोडून माणसाच्या श्रद्धेवर घसरतो. आषाढीला वारकऱ्याच्या हातात साबुदाण्याची खिचडी असते, तेव्हा त्याचा उपवास त्या कंदाच्या जन्मगावावर ठरत नाही.

साखरेचं वाक्य सरळ उलटं आहे. ऊस मूळचा न्यू गिनीकडचा, पण उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या भारतात तयार झाली. चीनच्या तांग सम्राट ताइझोंगनं ६४७ साली ती शिकून घेण्यासाठी मगधाला माणसं पाठवली होती. शिष्य कोण, गुरू कोण, हे मेसेज लिहिणाऱ्यानं तपासायला हवं होतं. शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी जिथं शाहूपुरी वसवली, त्या गावाच्या ग्रुपांवर हे वाक्य न अडवता फिरावं याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता ज्या देशांनी म्हणे अस्सल जपलं, त्यांच्याकडं वळू. इटलीचा टोमॅटो कुठला? अमेरिकेतला. आंतोनियो लातिनी नावाच्या आचाऱ्यानं १६९० च्या दशकात नेपल्समध्ये टोमॅटो सॉसची कृती छापली, तेव्हा त्यानं तिला ‘स्पॅनिश पद्धतीचा’ असं म्हटलं होतं. म्हणजे तेव्हा खुद्द नेपल्समध्येही तो परका होता. आणि २०१७ साली त्याच नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. हंगेरीत मिरची तुर्कांच्या राजवटीत पोचली. आज पाप्रिका, म्हणजे तिथली लाल मिरचीपूड, नसलेलं गुलाश (तिथला मांसाचा रस्सा) तिथं कुणाला गुलाश वाटत नाही. तिथल्या सेगेद शहरातल्या पाप्रिका मिरचीतून अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी भरपूर क जीवनसत्त्व वेगळं काढलं आणि १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं. थायलंडची सोम ताम कोशिंबीर घ्या: कच्ची पपई, मिरची, शेंगदाणे, टोमॅटो. चारही अमेरिकेतले! तरी ती थाई नाही असं म्हणून दाखवा.

कोरियाचं उदाहरण तर मेसेजच्या अंगावरच येतं. मिरची तिथं सोळाव्या शतकाच्या शेवटाकडं पोचली आणि किमचीत रुळायला आणखी बराच काळ गेला. त्याआधी किमची म्हणजे मिठात मुरवलेला मुळा आणि भाज्या. बिनमिरचीची पांढरी किमची, बेक-किमची, आजही करतात. म्हणजे तांबडी आणि पांढरी दोन्ही त्यांच्याकडंही सुखानं नांदतायत. हिवाळ्याची बेगमी म्हणून घरची आणि शेजारची माणसं जमून ढिगानं किमची घालतात, त्याला किमजांग म्हणतात. युनेस्कोनं २०१३ साली वारसा म्हणून नोंदवलं ते या एकत्र येऊन करण्याला आणि वाटून घेण्याला. मिरचीचं मूळ गाव कुणी विचारलं नाही. आपल्या गल्लीत चार घरच्या बायका मिळून मिरच्यांची देठं खुडत बसतात, ते याहून वेगळं नाही.

राहिली मेसेजची शेवटची ओळ, ज्वारीची भाकरी, कांदा आणि लसूण तेवढं आपलं. मला सगळ्यात जास्त आक्षेप इथं आहे, कारण मेसेज इथं स्वतःचाच नियम मोडतो. लसूण मध्य आशियातली. कांदाही त्याच बाजूचा. आणि ज्वारी आफ्रिकेतली. पूर्व सुदानच्या भागात ती पहिल्यांदा पिकवली गेली आणि सुमारे चार हजार वर्षांपूर्वी आपल्याकडं पोचली. नाचणी आणि बाजरीही आफ्रिकेतूनच आल्या. चार हजार वर्षं झाली म्हणून ज्वारी आपली, आणि साडेचारशे-पाचशे वर्षं झाली तरी मिरची परकी, तर मग नेमकी किती वर्षं झाली की वस्तू आपली होते? मेसेजमध्ये याचं उत्तर नाही. वर्षं मोजायचीच नसतील आणि फक्त मूळ बघायचं असेल, तर ही भाकरीही हातातून जाते.

सुदानमध्ये आजही ज्वारीची किसरा करतात. पीठ आंबवायचं, पातळ करायचं, तापल्या तव्यावर कागदासारखं पसरायचं आणि कालवणाबरोबर खायचं. आपण तेच पीठ गरम पाण्यात मळतो, परातीत थापतो, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवतो आणि मग निखाऱ्यावर फुगवतो. किसरा सुदानची आहे. भाकरी आपली आहे. आणि ती ज्या तांबड्या रश्शात कुस्करून खातो, तोही.