पडद्याच्या मागून बघितलेला पिक्चर

सकाळी सहाला दूध तापत ठेवून फोन उघडला तर ग्रुपवर 214 मेसेज. पोटात गोळाच आला. एवढे मेसेज म्हणजे आमच्यातलं कोणीतरी गेलेलं असतं.

गेलं कोणी नव्हतं. इफ्फीच्या, म्हणजे गोव्यात नोव्हेंबरात भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, लायनीत उभं राहून ओळखी झालेली आम्ही वीस-बावीस माणसं, नोव्हेंबर सोडला तर ग्रुपवर गुड मॉर्निंग आणि चतुर्थीला माटोळीचे, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीचे फोटो, बस्स. काल रात्री कोणाला तरी हुक्की आली आणि त्यानं विचारलं की आजवरचा जगातला सगळ्यात ग्रेट पिक्चर कोणता. झालं. रात्री अडीचपर्यंत भांडत होते. दोन डॉक्टर, एक वकील, एक तर निवृत्त मुख्याध्यापक, आणि भाषा अशी की मासळीबाजार बरा. गॉडफादर पहिला की दुसरा, नोलान मोठा की कुब्रिक, कोणी शॉशँकला नावं ठेवली म्हणून कोणी ग्रुप सोडून गेला आणि दहा मिनिटांनी परत आला.

मी झोपायच्या आधी एकच नाव टाकलं होतं. संत तुकाराम, 1936, प्रभातचा. त्याला उत्तर कोणाचं, तर माझ्या भाच्याचं, ज्याला मीच ग्रुपात घेतलं, ज्याला पहिल्यांदा इफ्फीला मीच नेलं, रजा टाकून: "मावशी, ही नॉस्टॅल्जिया झाली, सिनेमा कुठाय?" आणि पुढं दात काढणारा इमोजी. त्याला अकरा जणांनी अंगठा दिला. अकरा! त्यातल्या नऊ जणांनी हा पिक्चर बघितलेलाच नाही, हे मी स्टँपपेपरवर लिहून देते.

हे वाचेपर्यंत दूध उतू गेलं ते वेगळंच.

तर बाबा, आता नॉस्टॅल्जियाच ऐक. इथंच लिहिते, ग्रुपवर लिहिलं तर तुमच्या भांडणाखाली गाडलं जाईल.

1979 साल, मी नऊ वर्षांची. साखळीच्या पुढं आमचा वाडा. देवळात सप्ताह असायचा आणि सप्ताह झाला की एका रात्री म्हापशाहून एक माणूस प्रोजेक्टर घेऊन यायचा. देवळापुढच्या दोन माडांना पांढरा पडदा बांधायचे. त्या वर्षी लागला होता तो हाच तुकाराम. पुढं खुर्च्यांवर भाटकार, म्हणजे जमीनदार, आणि भटजी, मग पुरुष, मग पोरं. आजीला म्हशीची धार काढल्याशिवाय घर सोडता येत नव्हतं, त्यामुळं आम्ही दोघी पोचलो तोवर पुढं पाय ठेवायला जागा नव्हती. आजी एक मिनिट उभी राहिली, मग माझा हात धरून सरळ पडद्याच्या मागं गेली आणि पदर सावरून मातीतच बसली. तिथं आधीच आठ-दहा बायका होत्या, सगळ्या चूल-भांडी आटपून उशिरा आलेल्या.

ज्यांनी असा पिक्चर बघितलाय त्यांना सांगायला नको. चित्र तेच, फक्त उलटं. नावं उलटी, घराचं दार उलट्या बाजूला, सगळ्यांचा उजवा हात डावा. पडद्याला मधे एक ठिगळ होतं, ते मागून चांगलं काळपट दिसायचं, आणि विष्णुपंत पागनीस त्या जागी आले की तुकोबांच्या कपाळाला मार लागल्यासारखा वाटायचा. कर्णा पुढच्या बाजूला, म्हणून आवाज विहिरीतून आल्यासारखा. रीळ बदलताना दिवा लागला की पुढची पोरं पडद्याखालून वाकून आम्हाला वेडावून दाखवायची.

आणि माझी आजी डावखुरी होती. त्यापायी लहानपणी डागणी खाल्लेली. देवाचं काही करायचं म्हटलं की डावा हात पदराखाली लपवायची, म्हातारपणीसुद्धा. तर पडद्यावर तुकोबांची बायको आली, जिजाई, आणि आमच्या बाजूनं ती सगळी कामं डाव्या हातानं करत होती. आजीनं मला असं ढोसलं की बरगडी दुखली. "पळय गो, दाव्या हाताची!" बघ गं, डाव्या हाताची!

त्यानंतर आजीनं तुकारामाकडं बघितलं असेल असं मला वाटत नाही. तिचं सगळं लक्ष जिजाईवर. जिजाईची म्हैस आली, आजी खूश. पोर तापानं फणफणलंय आणि नवरा विठ्ठल विठ्ठल करतोय म्हटल्यावर जिजाई चप्पल घेऊन देवळात विठोबाच्या अंगावर जाते तो सीन आला, तेव्हा पुढं भटजी बसलेले, सप्ताहाचं वातावरण, सगळे गप्प, आणि पडद्यामागून माझ्या आजीचा आवाज, खणखणीत, "बरें केलें!" पुढचे हसले. आजी नाही हसली.

असो. तर भाच्यानं पुढं काय केलं, साइट अँड साउंडच्या यादीची लिंक टाकली आणि वर लिहिलं, "ही जगमान्य." म्हणजे खटला संपला. अरे, मला नको शिकवूस ती यादी, मी ती तुझ्या आधीपासून बघते. ब्रिटिश मासिक आहे, 1952 पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना विचारतात. पहिल्या वेळी पहिला नंबर कोणाला, तर बायसिकल थीव्ह्ज ह्या इटालियन पिक्चरला, जो तेव्हा उणापुरा चार वर्षांचा होता. चार वर्षांचं पोर आणि "सर्वकाळचा श्रेष्ठ"! आपल्या देशात पहिला इफ्फी झाला तोही 1952 लाच, त्यातही तो दाखवलेला, म्हणजे आपल्याकडच्या शहाण्यांनीही तेव्हा माना डोलावल्या असणार. सिटिझन केन त्या वेळी पहिल्या दहातसुद्धा नव्हता. 1962 ला तो पहिला आला आणि मग 2002 पर्यंत हललाच नाही. मग 2012 ला व्हर्टिगो. आता हे सगळे पिक्चर डब्यात पडल्या पडल्या सुधारले काय रे? फ्रेम ना फ्रेम तीच. विचारणारे बदलले, ज्यांना विचारलं ते बदलले, बस्स. आणि आणखी एक, त्या मतदारांना नंबर लावायला सांगतच नाहीत. दहा नावं द्या म्हणतात, प्रत्येक नावाला एक मत. क्रम बेरजेतून येतो. तुम्ही मात्र रात्री अडीचला चौथा की पाचवा यावरून एकमेकांच्या शिक्षणावर गेलात.

बरं, यादी सगळी फालतू असं नाही म्हणत मी. यादीमुळंच मला पुष्कळ पिक्चर कळले, साखळीत बसून नाहीतर कोण सांगणार होतं. मान्य. पुढं.

2022 च्या यादीत सोळाशेच्यावर लोकांना विचारलं आणि पहिला आला तो दिग्दर्शिका शांताल अकेरमानचा जान डीलमान. 1975 चा. तेव्हा ती बाई जेमतेम पंचविशीची. 2012 ला तो छत्तिसावा होता. आणि ह्यावर आमच्या ग्रुपवरचे विद्वान काय म्हणतात? "तीन तास बाई बटाटे सोलते." "कोटा भरला." "माझी बायको रोज सोलते, तिला पण द्या अवॉर्ड." हा शेवटचा जोक मुख्याध्यापकांचा. त्यालाही अंगठे.

सर, तुमच्या बायकोला मी ओळखते. तिला खरंच द्या.

तीन तास एकवीस मिनिटांचा पिक्चर आहे तो. ब्रसेल्समधली एक विधवा, तिचा मुलगा, तिचं स्वयंपाकघर, पोट भरायला दुपारी घरात येणारे पुरुष, तीन दिवस. कॅमेरा हलत नाही. ती बटाटे सोलते तेव्हा ती खरोखर बटाटे सोलते, कापून पुढं जात नाहीत. आणि तिसऱ्या दिवसापर्यंत तुम्हाला तिच्या कामाची लय एवढी पाठ झालेली असते की एक बटणसुद्धा लावायचं राहिलं की छातीत धस्स होतं. आता खोटं कशाला बोलू, पहिल्या वेळी मी मधे झोपले. चांगली अर्धा तास. जागी झाले तर बाई अजून स्वयंपाकघरातच. पण झोप उडाल्यावर जे बघितलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही, आणि मला तेव्हा सारखं वाटत होतं की आजी असायला हवी होती. तिला समीक्षा नको, सबटायटल नकोत, काही नको. पाचव्या मिनिटाला म्हणाली असती, हिचं आज काहीतरी बिनसलंय, बघ कशी सोलतेय.

कारण त्या रात्री तिनं तेच केलं होतं. पिक्चरच्या शेवटी तुकोबांना न्यायला विमान येतं. ते बायकोला चल म्हणतात, आणि जिजाई आपली पुरणपोळ्यांच्या नादात, तिला ते सगळं नवऱ्याचं नेहमीचं वेड वाटतं. मग विमान जातं. पुढं सगळे हात जोडून उभे, कोणीतरी विठ्ठल विठ्ठल सुरू केलं, रडारड. आम्ही मागच्या बायका मातीतून उठलो, आजीनं लुगडं झटकलं आणि म्हणाली, "ताका विमान आयलें. तिका कितें?" त्याला विमान आलं, तिला काय?

नऊ वर्षांची होते मी. मला वाटलं आजीला पिक्चर कळलाच नाही.

भाच्या, तुझ्या दहा पिक्चरांची यादी मी पुन्हा बघितली. एकाही पिक्चरात मुख्य काम बाईचं नाही. मला काही म्हणायचं नाही, फक्त सांगते. शॉशँक मलाही आवडतो, तो भिंतीतून बाहेर पडून पावसात उभा राहतो तिथं मी दर वेळी रडते, आणि 1994 ला थिएटरात तो पिक्चर पडला होता, सात ऑस्कर नामांकनं आणि हातात एकही नाही, मग लोकांनी घरी बघून बघून त्याला वर नेला हेही मला माहीत आहे. म्हणजे तुझा नंबर एकसुद्धा घरात बसून बघणाऱ्यांनीच ठरवला ना रे? मग माझ्या आजीचं काय वाकडं झालं?

पण खरा भडका उडाला तो दुपारी. मी जेवून परत ग्रुप उघडला तर कोणीतरी लिहिलेलं, "रीजनल पिक्चरांची वेगळी लिस्ट करूया, मेन लिस्टमध्ये नको." रीजनल! इटलीतला सायकलवाला जागतिक, पथेर पांचालीतलं बंगालातलं गाव यादीत पस्तिसावं आलं म्हणून तेही जागतिक, आणि आमचं देहू रीजनल. 1937 ला व्हेनिसच्या महोत्सवात ह्याच तुकारामाला जगातल्या तीन उत्तम पिक्चरांत धरलं होतं, तिथं काय मराठी कळत होतं लोकांना? आणि बाकीचं सोडा, गोव्यात राहून, इफ्फीचा पास गळ्यात घालून मिरवणाऱ्या ह्या ग्रुपात मी विचारलं, 'पलतडचो मनिस' किती जणांनी बघितलाय? लक्ष्मीकांत शेटगांवकरांचा, 2009 चा, टोरंटोला समीक्षकांचा फिप्रेस्की पुरस्कार मिळालेला, आपल्या जंगलातला, आपल्या भाषेतला. चार हात वर. चार! घरी कोंकणी, देवळात मराठी आणि लिस्ट मात्र इंग्लिश.

जरा जास्तच चिडले. चहा घेऊन आले.

एक गंमत सांगते. आजी रोज पहाटे जात्यावर, पुढं जातं गेलं तर नुसतीच, 'आधी बीज एकले' म्हणायची. तुकोबांचा अभंग म्हणून. मी बीएला असताना शहाणपणानं गाथा उघडून तो शोधत बसले, दोन दिवस, सापडेना. मग कळलं की तो त्या पिक्चरसाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेला. मी धावत घरी येऊन आजीला सांगितलं, अगं तो तुकारामाचा नव्हेच! आजी म्हणाली, असूं दी. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत तोच. भाच्याचा आजचा मेसेज वाचून मला आधी राग आला आणि नंतर आठवलं की त्या दिवशी अगदी असाच चेहरा घेऊन मी तिच्यापुढं उभी होते. तू माझ्यावरच गेलायस मेल्या.

आजी 1996 ला गेली. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी नवऱ्यानं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून त्या पिक्चरची व्हीसीडी आणली. मी कौतुकानं लावली. पहिल्यांदाच पुढून बघत होते. आणि मला बघवेना. सगळं चुकल्यासारखं. दार नको त्या बाजूला, माणसं नको तिकडून येतायत, कपाळावर ठिगळ नाही. आणि जिजाई उजव्या हाताची. चारचौघींसारखी. अर्ध्यावर बंद केला. नवरा म्हणाला, प्रिंट खराब आहे काय गं? काय सांगणार त्याला.

विमानाचं ट्रिक शूटिंग आज कच्चं वाटतं हे खरं आहे, पोरं हसतात, हसू देत. पुण्यात बसून हातानं केलेलं आहे ते. पण जिजाईचं काम केलेल्या गौरीच्या चेहऱ्यावरचा वैताग बघा एकदा. नव्वद वर्षं होत आली, तो वैताग जुना झालेला नाही, मी आज दुपारी भांडी घासताना माझ्याच तोंडावर बघितला.

आत्ता रात्रीचे साडेनऊ. ग्रुपवर अजून चालूच आहे, वकील परत सोडून गेलाय. मी मगाशी फोनवर तुकाराम लावला, आतल्या खोलीत गेले, दार लोटलं आणि फोन कपाटाच्या आरशासमोर धरून बघत उभी राहिले. दार बरोबर त्या बाजूला आलं. जिजाई डाव्या हाताची झाली. मी तशीच उभी, हात भरून आला तरी. मधेच वरून भाच्याचा मेसेज टपकला, "मावशी रागावलीस काय" असाच काहीतरी असणार, पण आरशात अक्षरं सगळी उलटी, वाचता येईनात, आणि फोन वळवायचा मला कंटाळा आला.