टोंगा टोपली: २ ताऱ्यांच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. टोपलीवर काळे ठिपके आणि कुबट वास, बूड वेडंवाकडं, रवा गळतो, आणि टोंगा हे पॅसिफिकमधलं बेट असताना चिठ्ठीवर झिम्बाब्वे कसं, अशा चार तक्रारी तुम्ही लिहिल्यात.

पहिली सरळसरळ आमची चूक. ऐन पावसाळ्यात टोपली प्लास्टिकमध्ये सीलबंद करून पाठवली. पानांच्या पट्ट्यांत मुरलेल्या ओलाव्याला बाहेर पडायला वाटच उरली नाही आणि बुरशी धरली. नक्षीचा तपकिरी रंग मात्र बुरशी नव्हे, तो झाडाच्या सालीसोबत पट्ट्या उकळून चढवलेला असतो. कोरड्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा: बुरशी करडी होऊन फडक्याला लागते, रंग लागत नाही. टोपली परत पाठवा, कुरिअर आमच्या खर्चाने. दुसरी टोपली किंवा पूर्ण पैसे, तुम्ही म्हणाल तसं. ठेवायचीच असेल तर घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन त्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि दोन दिवस सावलीत वाळवा. पाण्यात बुडवू नका, गडद पट्टीचा रंग फिक्या पट्टीवर उतरतो. कडक उन्हात पट्ट्या तडकतात.

बूड चौकोनी असणारच. इलाला ताडाच्या पानांच्या पट्ट्या चटईसारख्या विणत सुरुवात होते, मग चारही बाजू वर घेत काठाशी गोल आणतात. आपल्या बुरूडांच्या कित्येक टोपल्या अशाच. पण ती टेबलावर डुलत असेल, तर वाटेत दबली आहे. बुडावर आतून-बाहेरून पाणी फवारा, बोटाला ओल जाणवेल इतकंच. दहा मिनिटांनी हाताने आकार द्या, आत जाड कापड घालून त्यावर २-३ किलो वजन ठेवा, पूर्ण वाळेपर्यंत काढू नका. कोरडी दाबलीत तर पट्टी नेमकी कोपऱ्यावर मोडते, आणि ती पुन्हा सांधता येत नाही.

रव्याचं म्हणाल तर तो गळणारच! पट्ट्या ओलसर असताना विणतात, वाळल्यावर त्या आक्रसतात, बारीक फटी राहतात. आफ्रिकेतल्या झांबेझी नदीच्या खोऱ्यात अशा टोपल्यांत पाखडतात ती ज्वारी-बाजरी. तेवढा दाणा त्यातून जात नाही. आम्ही वर्णनात नुसतं ‘स्वयंपाकघरासाठी’ लिहिलं होतं, ते बदलून ‘फळं, अख्खं धान्य, पीठ-रवा नाही’ असं केलं आहे.

चिठ्ठी बरोबर आहे. हे टोंगा म्हणजे झांबेझीच्या दोन्ही काठांवरचा, झांबिया आणि झिम्बाब्वेतला समाज. १९५५ ते १९५९ मध्ये या नदीवर कारिबा धरण झालं, त्यात सुमारे ५७ हजार टोंगा लोक विस्थापित झाले. दक्षिण काठावरच्यांपैकी बरेचजण झिम्बाब्वेतल्या बिंगा भागात वसले. तुमची टोपली तिथल्याच बायकांनी विणलेली आहे. बेटावरच्या टोंगात केवड्याच्या कुळातली पानं आणि नारळाचे हीर वापरतात, वीणही निराळी.