टॅबला पस्तीस दिसतं, ते का आलं हे नाही दिसत

आज ताईला सुट्टी मिळाली नाही, म्हणून भाचीच्या शाळेत पालकसभेला मी गेले. पुढच्या वर्षीपासून तिसरीचं गणित पूर्ण टॅबवर. त्याचे पैसे फीमध्ये वेगळे. आणि हे ऐकून आईबाप टाळ्या वाजवतायत. टाळ्या!

‘प्रयोग’ म्हणून हे टॅब आधीच सुरू आहेत. भाचीला त्यावर ५२ वजा २७ आलं, खाली चार पर्याय. तिने ३५ दाबलं, लाल फुली. मग दुसरं, मग तिसरं, शेवटी २५ला हिरवं झालं आणि चांदणी मिळाली. टॅबच्या लेखी पोरीला वजाबाकी आली! घरी वहीत मांडायला लावलं तर पुन्हा ३५.

कुठून आलं ३५? दोनातून सात जात नाहीत, म्हणून बाईसाहेबांनी सातातून दोन घालवले. पाच. मग पाचातून दोन, तीन. अहो, डोकं चालवलंय पोरीने! चुकीचं चालवलंय, पण वहीत ते बाईंना एका नजरेत कळलं असतं. चांदणीत काय कळणार, कप्पाळ? (हुशार ॲप चुकांचे प्रकारही ओळखतात म्हणे. ओळखत असतील. या शाळेतलं नाही ओळखत.)

हो, माहितीये, आता कोणीतरी डिसले गुरुजींचं नाव घेणार. परितेवाडीत पुस्तकांना क्यूआर कोड लावले, २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, कौतुकच आहे. पण तिथे गुरुजी आधी होते, कोड नंतर आले. तिकडे स्वीडनसारखा देश २०२३मध्ये छापील पुस्तकांकडे वळला आणि आमची शाळा आत्ता टॅबच्या ऑर्डरी देतेय.

बाईंवर राग नाही माझा. सभेत कोपऱ्यात उभ्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. वर्गात एवढी मुलं, वह्या तपासायच्या कधी? टॅब आपोआप तपासतो म्हटल्यावर सुटल्यासारखं वाटत असेल त्यांना. मलाही वाटलं असतं.

भाचीपुढे शेवटी आइस्क्रीमच्या काड्या ठेवल्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर लावून, दोन सुट्या. म्हटलं, यातल्या सत्तावीस दे मला. दोन गठ्ठे दिले, दोन सुट्या दिल्या आणि अडली. अजून पाच हव्यात. बराच वेळ गठ्ठ्यांकडे बघत बसली. मी गप्प. (गप्प बसणं मला किती जमतं, तुम्हाला ठाऊक आहे.) मग हळूच एका गठ्ठ्याचं रबर काढलं आणि म्हणाली, “मावशी, असं चालतं?”

चालतं गं बाई! टॅबवर तोच गठ्ठा बोट लावलं की आपोआप फुटतो, वर टिंग वाजतं. अडायला वेळच नाही.

भाचीच्या वर्गातले पालक इथे आहेत म्हणून सांगते, संमतीपत्र सोमवारपर्यंत द्यायचंय. टॅबवरचं प्रत्येक गणित आधी वहीत मांडून होईल आणि ती वही बाई बघतील, एवढं शाळा लिहून देत नाही तोवर ताईला सही करू देणार नाही. तुम्हीही थांबा.